पट्टीताईंचा एक टक्का

ऑफिसात पट्टीताईंना खऱ्या नावाने हाक मारली तर त्या वळूनही बघत नाहीत. सवयच गेली आहे. बावीस वर्षांपूर्वी त्या या कंपनीत लागल्या, तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी पर्समधून एक पोलादी पट्टी काढली, मालकांच्या नव्याकोऱ्या टेबलाचे दोन्ही कर्ण मोजले आणि टेबल तिरकं असल्याचा निकाल देऊन टाकला. टेबल खरंच तिरकं होतं. सुताराला ते परत न्यावं लागलं, आणि मालक तेव्हापासून त्यांच्याशी जरा जपूनच बोलतात.

घरीही तीच तऱ्हा. भिंतीवर चित्र टांगायचं म्हटलं की नवऱ्याला बाहेरची कामं आठवतात, कारण खिळा ठोकण्याआधी अर्धा तास मोजमाप आणि ठोकल्यावर पुन्हा अर्धा तास. मुलांनी लहानपणी वाढदिवसाचा केक कायम पट्टी लावून कापलेला खाल्ला. ताईंची आई ऐंशीची आहे, लेकीकडेच राहते आणि जिभेने अजून तरुण आहे. ती सांगते, “ही जन्मली तेव्हा नर्सने वजन सांगितलं, तर हिने रडून हरकत घेतली.”

कंपनी लहानशी. चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर तीन खोल्या, सात माणसं आणि एक कुरकुरणारा पंखा. धंदा आलेख काढायच्या सॉफ्टवेअरचा. तुम्ही आकडे द्यायचे, ते तुम्हाला रेघा, वर्तुळं, वळणं काढून देणार. पडद्यावर सगळं झकास दिसतं. भानगड सुरू होते ती या चित्राची पीडीएफ करायला गेलं की. पीडीएफला आपले मिलीमीटर कळत नाहीत. तिथे मोजतात पॉइंटांत, एका इंचात बहात्तर. पडद्याला पिक्सेल कळतात, गिऱ्हाइकाला सेंटिमीटर कळतात, आणि वर कुठे नि खाली कुठे यावरही त्यांचं एकमत नाही. पडदा वरून खाली मोजत येतो, पीडीएफ खालून वर. या सगळ्यांना एका घरात नांदवायचं काम ऑफिसात कुणालाच नको होतं, म्हणून ते पट्टीताईंच्या गळ्यात पडलं आणि त्यांना ते इतकं आवडलं की आता दुसऱ्या कुणी त्यात बोट घातलं तर त्या चहा पीत नाहीत.

त्यांनी काय काय निस्तरलं आहे ते सांगायला बसलो तर पंखासुद्धा कुरकुरायचा थांबेल. एका आवृत्तीत गोल वर्तुळं अंड्यासारखी छापून येत होती. एकदा एका प्राध्यापकांचा आलेख उलटा छापला गेला आणि त्या गृहस्थांनी तो तसाच वर्गात शिकवून टाकला, वर परीक्षेत विचारलाही. प्रत्येक वेळी ताईंनी गुणाकार-भागाकारांच्या जंगलात शिरून नेमका बिघडलेला आकडा कान धरून बाहेर आणला. आणि प्रत्येक वेळी शेवटची तपासणी एकच: कागदावर कोपऱ्यापासून कोपऱ्याकडे तिरकी, तीनशे मिलीमीटरची रेघ छापायची आणि ती पट्टी लावून मोजायची.

ती पट्टी त्यांच्या बाबांची. बाबा फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते, म्हणजे लोखंड ओतण्याआधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, तो ते करायचे. नमुन्याभोवती वाळू ठोकून साचा करतात आणि त्यात रस ओततात. बाबांच्या नमुन्यांत कधी केसाचा फरक निघाला नाही, असं फाउंड्रीतले लोक घरी येऊन सांगायचे. बाबा गेल्यावर भावांनी हत्यारांची पेटी वाटून घेतली आणि ताईंनी फक्त पट्टी उचलली. तिच्या टोकाला १/१०० असा ठसा आहे. नवीन कुणी ऑफिसात आलं की ताई त्याला तो ठसा दाखवून म्हणायच्या, “शंभराव्या भागापर्यंत अचूक. आता अशा पट्ट्या मिळत नाहीत.”

अकरा वर्षांपूर्वी पीडीएफचा सगळा भाग नव्याने लिहिला आणि ही तपासणी सुरू झाली, तेव्हा पहिल्याच खेपेला तीनशेची रेघ या पट्टीवर दोनशे सत्त्याण्णव भरली. ताईंनी आठ दिवस डोळ्यांत तेल घालून एकेक ओळ तपासली, चूक सापडेना. शेवटी त्यांनी हात टेकले आणि सगळ्या मापांना १.०१ ने गुणून टाकलं. रेघ बरोब्बर तीनशेवर आली. त्या ओळीशेजारी त्यांनी प्रोग्रॅममध्येच सूचना लिहून ठेवली: ‘मोजून खात्री केली आहे. कोणीही हात लावू नये.’ कोणीही हात लावला नाही. पट्टीताईंनी मोजलेल्या गोष्टीला हात लावणारा अजून जन्माला यायचा होता.

यंदा एक मेल आली. लिहिणारे गृहस्थ शहात्तर वर्षांचे, हाताने थर्मामीटर बनवणारे. आपण त्यांना थर्मामीटरकाकाच म्हणू, कारण ऑफिसात सगळे तेच म्हणायला लागले. काकांनी फार अदबीने लिहिलं होतं. काचेच्या नळीत पारा भरून ते ती आधी बर्फात ठेवतात, मग उकळत्या पाण्यात, आणि पारा जिथे जिथे थांबेल तिथे शाईची खूण करतात. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे शून्य ते शंभर. पूर्वी मधले अंश ते स्वतः हाताने आखायचे. गेल्या वर्षी हात थोडा थरथरायला लागला, म्हणून लेकीने हे सॉफ्टवेअर आणून दिलं. आता ते अंतर मोजून आकडा टाकतात, अंशांचा कागद छापून येतो, मग खुणा पुसून नळी आणि कागद मोठ्या काचेच्या कवचात बंद करतात. पण तेव्हापासून गिऱ्हाइकांच्या तक्रारी येत आहेत. उकळत्या पाण्यात थर्मामीटर नव्याण्णव दाखवतो. ‘आपल्या बाजूने काही चूक होत असेल का? नसेल तर माझी असेल, तसं कळवावं,’ असं त्यांनी शेवटी लिहिलं होतं.

दाढीवाला सहकारी ताईंच्या शेजारच्या टेबलावर बसतो. त्याने मेल वाचून लगेच शहाणपणा पाजळला, “हे उंचावर राहत असतील. उंचावर पाणी लवकर उकळतं.” ताईंनी विचारून घेतलं. काका अजिबात उंचावर राहत नव्हते, शिवाय त्यांच्याकडे पडताळणीसाठी चाळीस वर्षं जपलेला एक नमुन्याचा थर्मामीटर होता आणि तो त्याच पाण्यात शंभर दाखवत होता. मग ऑफिसचा ठरलेला उपाय झाला. प्रिंट काढताना ‘पानात बसवा’च्या चौकटीतली खूण काढून टाकली आहे का? ती राहिली तर प्रिंटर माप बदलतो. या एका प्रश्नावर कंपनीने अकरा वर्षं काढली होती. काकांनी ती खूण पहिल्या दिवशीच काढून टाकली होती.

तेव्हा ताईंनी तीनशेची रेघ छापली, मोजली. तीनशे. पुन्हा छापली. तीनशे. त्यांचा जीव भांड्यात पडला आणि त्यांनी उत्तर धाडलं: ‘आमच्याकडे प्रत्यक्ष मोजून पाहिलं आहे. माप अचूक आहे. चूक आपल्या मोजणीत होत असावी.’ उत्तराला उत्तर आलं, अगदी दोन ओळींचं. ‘खरं आहे. डोळे आणि हात दोन्ही गेले म्हणायचे. तसदीबद्दल क्षमस्व.’

ते वाचून ताईंना कसंसंच झालं. पण आकडा तो आकडा, त्याला त्या काय करणार?

चार दिवसांनी काकांच्या लेकीचा फोन आला. “तुमचं काही चुकलं असं म्हणायचं नाही मला,” ती म्हणाली. “पण बाबांनी तुमचं पत्र चार-पाच वेळा वाचलं आणि काम बंद केलं. उद्या दुपारी एक माणूस येतोय. बर्नर, नळ्या, सगळं उचलून नेणार आहे. पन्नास वर्षांचं काम आहे हो त्यांचं. तुम्ही एकदा येऊन बोलाल का? निदान एवढं तरी सांगा की चूक लहान आहे.”

ताईंनी तडक अर्ध्या दिवसाची रजा टाकली. लॅपटॉप घेतला, पट्टी घेतली. आपण जाऊन त्या म्हाताऱ्या माणसाला प्रेमाने त्यांची चूक दाखवू, मोजायची सोपी रीत शिकवू आणि त्यांचं काम वाचवू, असा त्यांचा बेत होता. बेत चांगलाच होता.

काकांचं काम घरामागच्या लांबट खोलीत चालायचं. भिंतीला काचेच्या नळ्या जाडीप्रमाणे लावलेल्या. टेबलावर बर्नर, एका बाजूला बर्फाचं भांडं, दुसऱ्या बाजूला उकळत्या पाण्याचं, आणि कोपऱ्यात गाळण्या, चिमटे, शाईच्या बाटल्या. सगळं इतकं जागच्या जागी की ताईंना ती खोली बघूनच माणूस आवडला. काका बारीकसे, टक्कल पडलेले, शर्टाच्या खिशात दोन चष्मे. त्यांनी ताईंना आपली खुर्ची दिली आणि स्वतः खोक्यावर बसले.

आधी ताईंनी त्यांच्या प्रिंटरवर तीनशेची रेघ छापली आणि आपल्या पट्टीने मोजली. तीनशे.

“बघा, मशीन बरोबरच आहे,” काकाच म्हणाले. “मी तो कागद कधी मोजून पाहिला नाही. मशीनने काढलेल्या गोष्टीला पट्टी लावणं बरं नाही वाटत.”

मग त्यांनी खुणा केलेली एक नळी पुढे केली, आपल्या पट्टीने मोजली आणि सांगितलं, “दोनशे शहाऐंशी.”

ताईंनी तीच नळी मोजली. दोनशे त्र्याऐंशी आणि थोडंसं. त्यांनी पुन्हा मोजली. म्हणजे खरंच या माणसाची नजर गेली होती. तीन मिलीमीटर म्हणजे काही डोळ्याआड होण्याजोगी गोष्ट नव्हे. त्या जमेल तेवढ्या हळू आवाजात म्हणाल्या, “काका, तुम्ही तीन मिलीमीटर जास्त वाचताय.”

काकांनी मान हलवली, चष्मा काढला आणि तो पुसत बसले. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

लेक दारात उभी होती. तिला काही ते बघवेना. तिने येऊन बापाची पट्टी उचलली, नळीला लावली आणि म्हणाली, “मलाही दोनशे शहाऐंशीच दिसतात.”

“नीट बघा,” ताई म्हणाल्या.

“नीटच बघतेय. माझे डोळे धड आहेत.”

आता खोलीत तीन माणसं आणि दोन पट्ट्या होत्या. काकांनी सावकाश चष्मा चढवला, दोन्ही पट्ट्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवल्या आणि शून्याला शून्य जुळवलं. दहावर काही दिसत नव्हतं. पन्नासवर किंचित काहीतरी वाटत होतं. शंभरवर एक मिलीमीटर, दोनशेवर दोन, आणि टोकाला ताईंची तीनशेची रेघ काकांच्या तीनशेच्या चांगली तीन मिलीमीटर पुढे जाऊन बसली होती.

“तुमची पट्टी कुठून घेतलीत?” ताईंनी जरा करड्या आवाजात विचारलं.

लेकीने शिवणाची टेप आणली. टेप काकांच्या बाजूची. शेजारच्या घरातून शाळेच्या कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी आली. तीही काकांच्या बाजूची. ताईंनी लॅपटॉपजवळ पडलेला छपाईचा कोरा कागद ओढला, त्याची लांबी कारखान्यातूनच ठरलेली असते, दोनशे सत्त्याण्णव. त्यांच्या पट्टीवर तो दोनशे चौऱ्याण्णव भरला. इतका वेळ त्यांचा सगळा राग जगातल्या बाकीच्या पट्ट्यांवर होता, तो आता एकदम ओसरला. बाबांची पट्टी चुकीची? ज्यांच्या कामात केसाचा फरक नव्हता, त्या माणसाची? त्यांनी आईला फोन लावला.

“आई, बाबांची पोलादी पट्टी आहे ना माझ्याकडे, ती चुकीची आहे का गं?”

“चुकीची कशाला असेल?” आईचा आवाज फोनमधून खोलीभर ऐकू येत होता. “मोठी आहे. मोठीच असते ती. ओतलेलं लोखंड थंड झालं की आकसतं, शंभरात एक. म्हणून नमुनाच तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करत बसणार, म्हणून पट्टीच मोठी करून देतात त्यांना. त्यावर लिहिलंय की, शंभरात एक.”

ताईंनी १/१०० कडे बघितलं.

“पण मला कुणी सांगितलं का नाही?”

“तू विचारलंस कुठे? पेटी उघडली तशी उचललीस नि पर्समध्ये टाकलीस. मला वाटलं आठवण म्हणून घेतलीस. मोजतेस की काय तिने?”

ताईंनी फोन ठेवला. बावीस वर्षं त्या ऑफिसात, घरात, केकवर, चित्रांवर त्या पट्टीने मोजत आल्या होत्या आणि अकरा वर्षं त्यांनी जगभरच्या कागदांवर सगळं शंभरात एक मोठं छापून ठेवलं होतं. बहुतेकांना आलेखाचा आकार दिसला की पुरे, मोजतो कोण? नेटाने मोजणारा एकच माणूस निघाला, आणि त्याला त्यांनी लिहून कळवलं होतं की चूक तुमचीच. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते त्यांना त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

“काका,” त्या म्हणाल्या, “तुमचं काही चुकलेलं नाही. चूक माझी आहे. अकरा वर्षांपूर्वी मी ती प्रोग्रॅममध्ये घातली, आणि वर तुम्हाला तसं पत्र लिहिलं. मला माफ करा.”

त्यांनी तिथेच लॅपटॉप उघडला, ‘कोणीही हात लावू नये’ लिहिलेल्या ओळीला हात लावला आणि ती पुसून टाकली. नवा कागद छापला. काकांच्या पट्टीवर रेघ तीनशे भरली. लेकीने सुटकेचा श्वास सोडला.

काका मात्र तसेच बसून होते. “पट्टीचं कळलं,” ते म्हणाले. “तुम्ही एवढ्या लांब येऊन कबूल केलंत, हेही फार आहे. पण हात माझा थरथरतोय तो थरथरतोयच. तुमची चूक सापडली म्हणून माझी नाहीच, असं कशावरून? थोडी तुमची, थोडी माझी असेल. उद्या तो माणूस येऊ दे.”

यावर लेक काहीतरी समजुतीचं बोलायला लागली. ताईंनी तिला थांबवलं. समजुतीने हा माणूस ऐकणार नव्हता. काकांच्या जागी त्या असत्या तर त्यांनीही ऐकलं नसतं.

“परत आलेले थर्मामीटर टाकून दिलेत का?” त्यांनी विचारलं.

टाकले नव्हते. काकांनी कपाटाचा खालचा खण उघडला. कापसात गुंडाळलेले एक्केचाळीस थर्मामीटर, कुठला लहान, कुठला मोठा, प्रत्येकाची नळी वेगळी, प्रत्येकाचं अंतर वेगळं मोजलेलं. ताईंनी बाह्या सरसावल्या. लेकीने पाणी उकळत ठेवलं. मग दुपारभर एकच काम. काका एकेक थर्मामीटर पाण्यात धरायचे, शेजारी नमुन्याचा थर्मामीटर, लेक आकडा वाचायची आणि ताई तो लॅपटॉपमध्ये टाकायच्या.

“नव्याण्णव.”

“नव्याण्णव.”

“हाही नव्याण्णव.”

विसाव्यानंतर लेक आकडा सांगायच्या आधीच हसायला लागली. काका हसत नव्हते. ते प्रत्येक वेळी स्वतः वाकून बघत होते. एक्केचाळिसावा झाल्यावर ताईंनी सगळ्या आकड्यांचा आलेख काढला आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. एक्केचाळीस ठिपके, आणि त्यांतून जाणारी एक आडवी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

“माझी चूक सगळ्यांत सारखीच असणार, शंभरात एक,” ताई म्हणाल्या. “ती आकड्याने आलेली आहे. पण खुणा तुमच्या हाताने केलेल्या आहेत. तुमचा हात चुकला असता, तर कुठे अठ्ठ्याण्णव आलं असतं, कुठे शंभरच्या वर. ही रेघ वरखाली झाली असती. मी बावीस वर्षं आलेख बघतेय काका, इतकी सपाट रेघ माझ्या बघण्यात नाही.”

काकांनी बोट पडद्याला न लावता, हवेतच, रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. बोट थरथरत होतं. ते त्यांनी पाहिलं, आणि खालची रेघही पाहिली. मग त्यांनी दोन्ही चष्मे काढून टेबलावर ठेवले आणि शर्टाच्या बाहीने डोळे पुसले, आणि ते कुणापासून लपवलं नाही.

“त्या माणसाला फोन कर,” ते लेकीला म्हणाले. “म्हणावं, येऊ नका. उगाच पेट्रोल जाळू नका.”

लेक फोन घेऊन बाहेर गेली. ताई सामान आवरायला लागल्या. त्यांना उद्या सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहायचं होतं. मालक म्हणणार, चूक म्हणू नका, ‘सुधारणा’ म्हणा. त्या चूकच म्हणणार होत्या.

“ही रेघ मला छापून द्या,” काका म्हणाले. “इथे टेबलासमोर लावतो.”

“देते ना. आता तर अगदी खऱ्या मापात येईल.”

“खऱ्या मापात नको,” काका म्हणाले. “तुमच्या वडिलांच्या पट्टीनेच येऊ दे.”